पंचाला डोळे

सृष्टीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला तेव्हा ती संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेत उभी होती. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पण तो बघून तिने अर्धा चहा तसाच ठेवला आणि ऑफिसचा जिना धावत चढली. ऑफिस कसलं, खताच्या दुकानावरची एक खोली. भाडं कमी आणि खताचा वास फुकट.

व्हिडिओत तिचे वडील होते. म्हणजे खेळातले वडील. सृष्टी आणि सायमन या दोघांनी वर्षभर खपून कुस्तीचा एक व्हिडिओ गेम तयार केला होता, नाव ‘हगामा’. नगरकडे जत्रेतल्या कुस्त्यांना हगामाच म्हणतात, त्यामुळे नाव शोधायला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. खेळणाऱ्याने आपला पैलवान घेऊन कम्प्युटरच्या पैलवानांशी एकामागून एक लढायचं, आणि शेवटी गाठ पडायची ती मच्छिंद्र पैलवानाशी. हा मच्छिंद्र म्हणजे सृष्टीचे आप्पा. गावातल्या एका पैलवानाला समोर घेऊन, अंगाला सेन्सरचे पट्टे बांधून आप्पांनी अंगणात ढाक, घिस्सा, एकेरी पट असे सगळे डाव करून दाखवले होते, आणि सायमनने ते जसेच्या तसे कम्प्युटरात उतरवले होते. मांडीवर थाप मारायची तऱ्हासुद्धा आप्पांचीच.

व्हिडिओ टाकला होता पार्थने. खेळ बाहेर काढण्याआधी त्यांनी कॉलेजच्या काही पोरांना तो चाचणीसाठी दिला होता, त्यात हा पार्थ पहिला आलेला. कम्प्युटरला उल्लू बनवण्यात या पोराचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. व्हिडिओत त्याचा पैलवान भर कुस्तीत दोन पावलं मागे सरतो आणि सलामीसाठी हात पुढे करतो. मच्छिंद्र पैलवान लगेच सरळ उभा राहतो, हात हातात घेतो, मान लववतो. तेवढ्यात पार्थचा पैलवान खाली बसून त्याचा पाय ओढतो. मच्छिंद्र चितपट. मग पुन्हा हात, पुन्हा चितपट. मग पुन्हा. खाली लिहिलं होतं, ‘हात दे मच्छिंद्र!’ आणि पुढे हसणारी तोंडं.

‘हात दे’ या शब्दांमागे काय आहे ते पार्थला ठाऊक असणं शक्य नव्हतं. फार तर कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकले असतील. सृष्टीला मात्र ते शाळेपासून ठाऊक होते. ती जन्मायच्या आधीची गोष्ट. आप्पा तेव्हा भरात होते, आणि एका मोठ्या जत्रेत चांदीच्या गदेची शेवटची कुस्ती त्यांची सहादेव पैलवानाशी लागली होती. बराच वेळ कोणी कोणाला हलेना. मग सहादेवने मागे सरून हात पुढे केला. आप्पांनी तो घेतला, मान लववली, आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा पाय हवेत होता आणि पाठ मातीत. पंचाने सहादेवचा हात वर केला. त्या दिवसापासून अख्ख्या भागात भोळसटपणाला नवं नाव मिळालं. कोणी सोयरिकीत फसला, कोणी जमिनीच्या मोजणीत फसला, की लोक म्हणायचे, ‘मच्छिंद्रावानी हात दिला गड्यानं.’ जो मुकाट ऐकून घेतो त्याला लोक जास्तच ऐकवतात, ही जगाची रीतच आहे. आप्पांनी लंगोट खुंटीला टांगला, गायी पाळल्या, डेअरीला दूध घातलं, आणि पुन्हा म्हणून कुठल्या हगाम्याला पाऊल टाकलं नाही.

आज आप्पा ते टाकणार होते. अकोले तालुक्यातल्या त्यांच्याच गावच्या जत्रेत, दुपारी खऱ्या कुस्त्या सुरू होण्याआधी मोठ्या पडद्यावर हा खेळ पहिल्यांदा लोकांना दाखवायचा होता. पहिली कुस्ती पार्थ खेळणार, समोर मच्छिंद्र पैलवान. हे सगळं सृष्टीनेच जुळवून आणलं होतं. ‘आप्पा, या वेळी लोक टाळ्या वाजवतील,’ असं सांगून सांगून तिने वडिलांना राजी केलं होतं. आणि आता अख्ख्या गावासमोर पडद्यावरचे आप्पा पुन्हा एकदा हात देणार होते. तसं झालं तर हा माणूस उरलेला जन्म गोठ्यातून बाहेर येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिला स्वतःचाच राग आला. खेळातल्या चुका शोधणं हे तिचंच तर काम होतं. कम्प्युटरचा पैलवान हुशार नसतो, पाठांतर केलेला असतो; पाठांतराबाहेरचा प्रश्न आला की तो गांगरतो. एक पैलवान आखाड्याच्या कडेला नेला की तिथेच गरगर फिरत राहायचा. दुसऱ्याला सारखी डावीकडून हूल दिली की आपणहून उजवा पाय पुढे करायचा. हे सगळे तिने पकडले होते, सायमनने दुरुस्त केले होते. पण मधेच सलामी द्यायची आणि सलामी घेणाऱ्याचा पाय ओढायचा, हे काही पैलवानाच्या पोरीच्या बोटांना सुचलं नव्हतं. ज्या गोष्टीचं घरात नाव निघत नव्हतं, तिच्या वाटेला तिची बोटंही गेली नव्हती.

सायमन खोलीत आधीच येऊन बसला होता. त्यानेही व्हिडिओ पाहिला होता, पण तो शांत होता. खेळातल्या पैलवानांची डोकी त्यानेच लिहिलेली.

‘घाबरू नकोस,’ तो म्हणाला. ‘समोरच्याने सलामी दिली की आपणही द्यायची, असं मी लिहिलंय. फक्त सुरुवातीलाच द्यायची, एवढं लिहायचं राहून गेलं. एका ओळीचं काम आहे. मधे कोणी कितीही हात पुढे केला तरी काका बघणारसुद्धा नाहीत.’

‘कर मग पटकन.’

‘करतो. पण काकांना विचारायचं ना? आपण कबूल केलंय.’

ते खरं होतं. नाव वापरायला देताना आप्पांनी एकच अट घातली होती. माझ्या नावाचा पैलवान काय करील आणि काय नाही, ते मला विचारून ठरवायचं. सृष्टीने फोन लावला. मागे बादलीत धारेचा आवाज येत होता.

‘आप्पा, खेळात एक गडबड सापडली. तुमचा पैलवान भर कुस्तीत हात देतोय. ते आता बंद करतोय आमी.’

धारेचा आवाज थांबला.

‘मंग त्यो हात देनार न्हाई?’

‘न्हाई.’

‘समोरच्यानं पुढं केला, तरी बी?’

‘तरी बी.’

‘मंग माझं नाव काढ त्यातनं.’

सृष्टीचा तोल गेला. ‘आप्पा, आवं समदं गाव हसंल! त्या पोरानं व्हिडिओ टाकलाय, ‘हात दे’ लिहून!’

ते शब्द तिने वडिलांसमोर जन्मात पहिल्यांदा उच्चारले होते. तिने जीभ चावली, पण तोंडातून गेलेला शब्द काही परत येत नाही. सायमन उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

‘हसू दे की,’ आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘मला काय नवं हाय व्हय ते? पर हात न देनारा पैलवान माझ्या नावानं हुभा करायचा न्हाई. बास.’

‘पर द्यायचाच कशापायी? कुस्ती चालू हाय, जीव खाऊन लढताय, आन मधीच हात?’

‘आगं, मधीच हात पुढं केला म्हंजी काय?’ आप्पांना तिच्या अडाणीपणाचं खरोखर नवल वाटलेलं दिसलं. ‘कुस्ती सोडवा म्हनतोय त्यो. बरोबरीत सोडवा. त्यानं हात दिला, ह्यानं घेतला, की कुस्ती सुटली. त्याच्या म्होरं कुनी पाय धरला तर त्याला डाव म्हनत न्हाईत.’

‘मंग काय करत्यात त्याला?’

‘काय करायचं? पंचानं शिट्टी मारायची आन बाद करायचा.’

गायीला पेंड किती घालायची ते सांगावं तसं त्यांनी ते सांगून टाकलं. सृष्टीला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तो तिच्या तोंडून निघून गेला.

‘मंग तवा पंचानं का न्हाई मारली?’

बादलीत पुन्हा धार वाजायला लागली.

‘पंचाचा शब्द त्यो शब्द,’ आप्पा शेवटी म्हणाले. ‘त्याच्यावर बोलायचं नसतं.’ आणि त्यांनी फोन ठेवला.

सृष्टी फोन हातात धरून तशीच उभी राहिली. आजवर तिने ती गोष्ट शंभर जणांकडून ऐकली होती. कोणी म्हणे मच्छिंद्र भोळा, कोणी म्हणे सहादेव हरामी. चांगली माणसंही एवढंच म्हणत, की जाऊ दे, नशीब. पंचाला कोणी बोल लावला नव्हता. तिनेही नाही.

‘सायमन, आप्पांना हात लावू नकोस,’ ती म्हणाली. ‘पंचाला बघ.’

‘पंच?’ सायमन हसला. ‘अगं, पंच म्हणजे नुसतं चित्र आहे. पांढरा पायजमा, गळ्यात शिट्टी, कडेकडेने फिरतो. कुणाची पाठ टेकली की दुसऱ्याचा हात वर करतो. बाकी त्याला काही दिसत नाही.’

‘मग दिसू दे. आपली चूक पैलवानात नाहीच. पंचात आहे.’

तिने नियम सांगितला. सायमनने ऐकून घेतला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चर्चच्या आवारात वाढलेला हा पोरगा, वडील मास्तर. खोटं त्याच्या तोंडून निघत नसे आणि खरं बोलताना तो कुणाची भीड ठेवत नसे.

‘राग मानू नकोस,’ तो म्हणाला, ‘पण हा नियम आपल्याला कोणी सांगितला? काकांनी. कुणासाठी लिहायचा? काकांसाठी. लोक काय म्हणतील? वादी तूच, वकील तूच, आणि न्यायाधीशही तूच बसवलास. आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारू या.’

‘कुणाला विचारू? विचारलं की तो आधी हसेल. मग कशासाठी विचारतेस म्हणेल.’

‘आणि नियम खोटा निघाला तर?’

‘माझे आप्पा नियम खोटा सांगणार नाहीत.’

‘ते मलाही माहीत आहे,’ सायमन म्हणाला. ‘गावाला पटलं पाहिजे.’

पण घड्याळ काही कुणासाठी थांबत नाही. सायमनने खुर्ची पुढे ओढली. पंचाला डोळे द्यायचे म्हणजे एका ओळीचं काम नव्हतं. सुरुवातीची सलामी कोणती आणि मधली कोणती, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. हात खरोखर हातात गेला का, की नुसताच हवेत राहिला, तेही. सायमन लिहीत होता आणि शेजारच्या कम्प्युटरवर सृष्टी पार्थ होऊन खेळत होती. पहिल्यांदा वडिलांचा पाय तिने ओढला तेव्हा बोट बटणावरून उचललं गेलं. मग मात्र तिने मन घट्ट केलं आणि ओढतच राहिली. हात, पाय, चितपट. पंच ढिम्म. सायमनने काही बदललं. हात, पाय, शिट्टी! दोघं ओरडले. पुढच्याच कुस्तीत पंचाने सुरुवातीच्या सलामीलाच शिट्टी मारून दोघांनाही बाहेर काढलं. असं का झालं ते कळायला फार वेळ गेला. नंतर पुन्हा तसं झालं नाही. पण ते दुरुस्त झालं म्हणून झालं नाही की नशिबाने झालं नाही, हे छातीठोकपणे सांगायला आणखी दोन दिवस खेळून बघायला हवं होतं. इथे दोन तासही उरले नव्हते.

‘काय करायचं?’ सायमनने विचारलं. ‘माझं ऐकशील तर सकाळची ती एक ओळ टाकू. काका हात देणार नाहीत, कोणी हसणार नाही. त्यांना मी नंतर समजावीन.’

सृष्टीला क्षणभर तो मोह झाला. आज निभावून जाईल, आप्पांच्या मानाला धक्का लागणार नाही. मग तिला त्यांचं ‘बास’ आठवलं.

‘पंच राहू दे,’ ती म्हणाली. लॅपटॉप पिशवीत घालून दोघं सायमनच्या मोटारसायकलवर बसले.

गावात पोचले तेव्हा हलगी कडाडत होती. देवळामागच्या उतारावर माणूस माणसाला खेटून बसला होता. मधे लाल मातीचा आखाडा, नुकतं पाणी मारलेला, आणि त्याच्या एका अंगाला ट्रकवर उभा केलेला मोठा पडदा. पाहुण्यांसाठी मांडवाखाली सोफा होता. सोफ्याच्या एका टोकाला आप्पा, डोक्याला फेटा, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते सृष्टीने पाहिलं आणि ती जागीच थांबली.

श्रीमंत वस्ताद होते. जिल्ह्यात एके काळी ज्यांच्या शिट्टीपुढे कोणी ब्र काढत नसे, ते. आता पाठीत वाकलेले, हातात काठी. गदेच्या त्या कुस्तीचे पंच हेच. जत्रा कमिटीने मुद्दाम केलं की अजाणता, ते कमिटीलाच ठाऊक. पण प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलावून मच्छिंद्रच्याच सोफ्यावर बसवलं होतं. दोघांच्या मधे शाल-नारळाचं ताट होतं. दोघंही समोर बघत होते.

‘आप्पा, तुमाला म्हाईत हुतं?’ सृष्टीने जवळ जाऊन हळूच विचारलं.

‘आल्यावर कळलं.’

‘घरी जायचं का?’

‘एकदा गेल्तो की घरी,’ आप्पा म्हणाले. ‘आता न्हाई.’

नारळ फुटला. निवेदकाने मच्छिंद्र पैलवानाचं नाव घेतलं, काही टाळ्या पडल्या, काही तोंडं पदराआड आणि टोपीआड गेली. पार्थ आला. उंच, सडपातळ, हसतमुख पोरगा. बरोबर कॉलेजची टोळी. त्याने वाकून वस्तादांच्या आणि आप्पांच्या पाया पडून घेतलं, आणि आप्पांनी त्याच्या पाठीवर थापही मारली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि त्यामुळे सृष्टीला त्याचा नीट रागही धरता येईना.

पडद्यावर आखाडा उजळला. दोन्ही पैलवान समोरासमोर आले आणि सुरुवातीची सलामी झाली. सृष्टीची नजर पंचावर होती. पंचाचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांपर्यंत आली आणि तशीच खाली गेली. कुस्ती सुरू झाली.

पार्थ सुरेख खेळत होता, हे मानलंच पाहिजे. पडद्यावरच्या आप्पांनी एकेरी पट काढला, तो त्याने हाणून पाडला. घिस्सा मारला, त्यातून निसटला. उतारावरची माणसं पुढे सरकली. क्षणभर ती खरोखर कुस्ती बघत होती. मग टोळीतून एक आवाज आला, ‘हात दे!’ दुसरा आला. पोरं तालावर ओरडायला लागली, ‘हात दे! हात दे!’ आणि मग मागून जुनं, जाडं, खोकल्यातून येणारं हसू मिसळलं. त्या म्हाताऱ्यांना ते शब्द या पोरांच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. सृष्टीने सोफ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. आप्पांची मान खाली होती आणि गुडघ्यांवरच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

पार्थने लोकांकडे बघून भुवई उडवली आणि बटण दाबलं.

त्याच्या पैलवानाने मागे सरून हात पुढे केला. पडद्यावरचे आप्पा सरळ उभे राहिले. त्यांनी हात घेतला, मान लववली. ते पडायच्या आधीच लोक हसले. पाय ओढला गेला, आणि मच्छिंद्र पैलवान आडवा-तिडवा नव्हे, सपशेल पाठीवर पडला. हशाचा एकच लोट उठला. पंच कडेला उभा होता. उभाच होता. त्याचा हात वर जायला लागला, आणि सृष्टीच्या मनात आलं, संपलं, आता हा पार्थचा हात धरणार.

शिट्टी वाजली. मोठ्या कर्ण्यांतून अशी कर्कश वाजली की पुढची पोरं दचकली. पंच आखाड्याच्या मधे आला, पार्थच्या पैलवानाला बाजूला सारलं आणि पडलेल्या मच्छिंद्रला उठवून त्याचा हात वर धरला. पडद्यावर अक्षरं आली: ‘हात घेतल्यावर पाय धरला. बाद.’

हसणं मधेच तुटलं.

‘ओ, हे काय?’ पार्थ ओरडला. ‘पाठ टेकली ना त्याची! कालपर्यंत असं नव्हतं. हे चीटिंग आहे!’

‘पोरीनं बापापायी खेळ फिरवला!’ मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्यावर पुन्हा हसू फुटायला लागलं. सायमन म्हणाला होता ते शब्दशः खरं झालं होतं. खेळ फिरवला हे खरंच होतं. बरोबर फिरवला, हे ती कुणाच्या तोंडाने सांगणार?

‘एवढे मोठे वस्ताद बसलेत की इथं,’ पार्थ म्हणाला. पोराला फक्त आपला न्याय हवा होता. ‘त्यांनीच सांगावं. ते म्हणतील ते मान्य.’

कोणाला काही सुचायच्या आत निवेदकाने माईक वस्तादांच्या हातात दिला. पोरं गप्प झाली ती वस्तादांच्या मानासाठी. म्हातारी माणसं गप्प झाली ती वेगळ्या कारणासाठी. त्यांना सगळं आठवत होतं. हलगीवाल्यानेही हलगी काखेत दाबून धरली. सृष्टीला वाटलं, धावत जावं आणि तो माईक ओढून घ्यावा. हा म्हातारा एवढंच म्हणाला की पाठ टेकली, तर आप्पांच्या त्या दिवसावर कायमचं शिक्कामोर्तब होऊन जाणार होतं, आणि या वेळी ते तिनेच ओढवून आणलं होतं.

‘परत दाव,’ वस्ताद म्हणाले.

सायमनने तेवढा भाग परत दाखवला. हात, मान, पाय, पाठ.

‘परत.’

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले. तिथे मच्छिंद्र पैलवान थांबलेला होता, हात हातात, मान लवलेली. तरणाताठा नव्हता, पण उभं राहण्याची ती ढब वस्तादांना ओळखू न येणं शक्य नव्हतं.

‘ह्यो पोरांचा खेळ हाय...’ वस्तादांनी सुरुवात केली, आणि थांबले. एवढ्यावर सोडून देता आलं असतं. लोकांनीही सोडलं असतं. आप्पांनी मान वर केली नाही.

वस्तादांनी घसा खाकरला.

‘पंच बरोबर हाय,’ ते म्हणाले.

पार्थने खांदे उडवले आणि मान्य म्हणून मान डोलावली. त्याच्यासाठी गोष्ट तिथे मिटली. पण उतारावरून कोणी म्हातारी, बहुतेक लंकाबाई, जिची जीभ साऱ्या गावाला ठाऊक, खणखणीत आवाजात म्हणाली, ‘आन तवाचा पंच, वस्ताद? त्यो वं?’

माईक अजून वस्तादांच्या हातातच होता. तो त्यांनी तोंडाजवळ नेला. कर्ण्यांतून आधी नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

‘त्यो चुकला,’ ते म्हणाले.

माईक त्यांनी ताटात, नारळाशेजारी ठेवला. टाळ्या वाजल्या नाहीत. हलगीही वाजली नाही. एवढा मोठा उतार माणसांनी भरलेला, आणि देवळावरच्या भगव्याची फडफड ऐकू यावी अशी शांतता.

सृष्टी सोफ्यापाशी जाऊन आप्पांच्या पायाशी बसली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तिला वाटलं होतं, आप्पा आता तिच्याकडे बघतील, छाती फुगवतील, निदान मिशीतल्या मिशीत हसतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

‘आप्पा, ऐकलंत ना?’ ती म्हणाली. ‘सकाळी तुमी म्हनलात तेच झालं. हात देनं चुकीचं नव्हतंच. तुमी बरोबर म्हनत हुता.’

‘म्हनत हुतो गं,’ आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला पुढे वाकावं लागलं. ‘सकाळी तोंडानं म्हनत हुतो. मनात इतकी वरसं रोज माझंच चुकत हुतं.’

आणि तो दांडगा माणूस फेट्याचा शेव तोंडात कोंबून साऱ्या गावादेखत रडायला लागला.